दत्ताभाऊच्या पेशी आणि खरजेचा डॉक्टर

लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "मिलिंदला सांगितलंय का?"

"त्यांनाच सांगितलं होतं," संपादक फारच प्रामाणिक निघाले. "पण त्यांना वेळ नाही. त्यांनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, अव्याला विचारा, त्याच्याकडे वेळ असतो."

तेव्हा हा लेख आवडला तर श्रेय मिलिंदचं आणि नाही आवडला तर खापर माझ्या डोक्यावर. कॉलेजपासून आमच्यात हीच वाटणी चालत आली आहे.

मिलिंद रक्तरोगतज्ज्ञ आणि मी त्वचारोगतज्ज्ञ. होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. माझ्या साबणाने अंघोळ करून हा माणूस माझ्याआधी तोंडी परीक्षेला जायचा आणि परीक्षकाला प्रसन्न करून यायचा. पुढे त्याने रक्ताचा कर्करोग घेतला आणि मी खरूज, गजकर्ण, इसब घेतलं. त्याचे पेशंट बरे झाले की पेढे आणतात, हापूसची पहिली पेटी आणतात, मुलाचं नाव मिलिंद ठेवतात. माझा बरा झालेला पेशंट लग्नात समोर आला तर मान फिरवून जिलबीच्या टेबलाकडे जातो. बरोबरच आहे. पाहुण्यांत काय सांगणार, हे आमचे खरजेचे डॉक्टर म्हणून?

माझा दवाखाना पिंपरीत, आणि आठवड्यातून दोन दिवस चाकणला. चाकणला माझं पोट कूलंटवर चालतं. मशीनवर लोखंड कापताना ते तापू नये म्हणून दुधासारखं पाणी सोडतात, ते कूलंट. पोरांचे हात शिफ्टभर त्यात असतात. मग बोटांच्या बेचक्यांत भेगा, खाज, लाली. चाकणचे निम्मे हात मी ओळखतो. चेहरे मात्र ओळखत नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मी आधी त्याच्या बोटांकडे बघतो आणि मग नाव आठवतो.

अशा माणसाचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध काय? संबंध मिलिंदनेच जोडला. वाकडच्या ज्या हॉस्पिटलात तो काम करतो तिथे पेशींचे उपचार होतात. एका प्रकारात रुग्णाचा बिघडलेला अस्थिमज्जेचा कारखाना औषधांनी पार रिकामा करतात आणि बहुतेक वेळा भावा-बहिणीच्या मूळ पेशी घालून तो पुन्हा चालू करतात. दुसऱ्या, नव्या प्रकारात रुग्णाच्याच लढाऊ पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवतात आणि शिबिराहून परत आलेल्या पोरांसारख्या पुन्हा घरात सोडतात. दोन्हीकडे रक्तात काय चाललंय ते मिलिंदला यंत्र सांगतं. पण पुष्कळदा पहिली बातमी फुटते ती कातडीवर. पुरळ उठतं. मग तीन संशयित असतात : एखादं औषध, एखादा विषाणू, नाहीतर त्या नव्या पेशी. तिघांचे उपचार वेगळे, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला मारक. अशा वेळी खरजेच्या डॉक्टरला बोलावणं येतं.

बोलावणं आलं की मी इस्त्रीचा शर्ट घालून जातो, हे इथे कबूल केलेलं बरं. बायको शर्टावरूनच ओळखते. "मिलिंदकडे का?" असं विचारते आणि हसते.

पहिल्याच वर्षी मी तिथे नाव काढलं. वाकडचाच एक संगणक इंजिनीअर होता, त्याला स्वतःच्या शिकवलेल्या पेशी दिल्या होत्या. त्याच्या छातीवर लाल चौकोनी चट्टे उठले. मी शिकाऊ डॉक्टरांना गोळा केलं आणि नव्या उपचाराचं नवं पुरळ या विषयावर असा काही बोललो, की माझं मलाच भरून आलं. या पुरळाला आपलं नाव द्यावं की नको, इथपर्यंत मनात पोचलो होतो. मिलिंद दारात उभा राहून सगळं ऐकत होता. माझं संपल्यावर तो आत आला. हृदयाचे ठोके बघायला छातीवर ज्या चिकटपट्ट्या लावतात, त्यातली एक त्याने ट्रेमधून उचलली आणि चट्ट्यावर ठेवली. कडेला कड जुळली.

"मापाचं आहे रे," तो म्हणाला.

पेशंट बिचारा ओशाळून म्हणाला, "सर, मी सांगणार होतो. पण तुम्ही इतकं छान बोलत होता."

चिकटपट्टीची ॲलर्जी. आपोआप जाते. ती लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

आता संतोषची गोष्ट. नावं अर्थातच बदलली आहेत. फक्त मिलिंदचं तेवढं बदलायला मी विसरलो.

संतोष महाळुंग्याचा. घरची शेती होती, तिथे आता कंपन्या आहेत आणि त्यातल्याच एका कंपनीत तो मशीन चालवायचा. कूलंटच्या हातांमुळे माझा जुना पेशंट. एकदा जाता जाता त्याने पँट वर करून नडगीवरचे टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपके दाखवले. रक्त बिघडल्याची ती खूण मी ओळखली आणि त्याला मिलिंदकडे पाठवलं. हे मी इतक्या ठिकाणी सांगितलंय, की आता मलाच ते खरं वाटतं. खरं असं, की पहिल्या खेपेला मी म्हणालो, "सेफ्टी शूजमधले मोजे घट्ट होतायत, बदल." त्याने मोजे बदलले. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला, "मोजं सैल झालं, पर आता दात घासताना रगात येतंय." तेव्हा कुठे मी फोन उचलला.

पुढे केमो झाली, मग भावाच्या पेशी द्यायचं ठरलं. थोरला भाऊ दत्ता याच्या पेशी जुळल्या. संतोषची आई, बायको सुरेखा आणि तो स्वतः हॉस्पिटलजवळ वाकडलाच भाड्याने राहिले. दत्ताभाऊ रोज महाळुंग्याहून डबा घेऊन यायचा आणि दाराशीच ठेवून जायचा. पेशी दिल्या, रुजल्या. मिलिंदला पेढे मिळाले. मला कुणी कळवलंही नाही.

मग संतोषचे कान लाल झाले. तळहात भाजल्यासारखे जळायला लागले, तळपाय टेकवेनात, मानेवर पुरळ चढलं. मिलिंदचा फोन आला, "ये रे, बघ जरा."

मी शर्ट घातला.

कान, तळहात, तळपाय. पुरळाने या जागा निवडल्या की माझा संशय भावाच्या पेशींवर जातो. पूर्वी बसचा कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचा तसा एक बारीक तुकडा काढून मी तपासायला दिला. अंदाज खरा निघाला, आजार मध्यम होता. मिलिंदने घरच्यांना बोलावलं आणि पांढऱ्या फळ्यावर वर्तुळं आणि बाण काढून समजवायला लागला. कंटाळवाणं होतं, पण आई त्याच्याकडे अशी बघत होती की जणू विठोबाच फळ्यावर लिहितोय. मी कोपऱ्यात भोक पाडायचं हत्यार हातात धरून उभा. मला ते बघवेना.

"मावशी, सोपं आहे," मी मध्येच तोंड घातलं. "थोरल्याच्या पेशी धाकट्याच्या घरी राहायला आल्या. आल्या आल्या बघतात तर घर आपलं नाही. मग लागल्या भिंती फोडायला. आणि घराची बाहेरची भिंत म्हणजे कातडी. थोडक्यात काय, भाऊबंदकी!"

हा माझा खात्रीचा विनोद. दुसऱ्या घरांत तो हमखास चालला होता. मी हसू येण्याची वाट बघत थांबलो.

हसू आलं नाही. सुरेखाने सावकाश मान वळवून दिराकडे बघितलं. दत्ताभाऊ आडव्या अंगाचा, पांढऱ्या शर्टाचा माणूस. त्याच्या बोटात गाडीची किल्ली गरगर फिरत होती, ती थांबली. तो बाहेर निघून गेला.

व्हरांड्यात मिलिंदने मला भिंतीशी गाठलं. "अरे मूर्खा, त्यांची खरंच भाऊबंदकी आहे!"

जमीन गेल्यावर रस्त्याकडेचा एक तुकडा राहिला होता. त्यावर दत्ताभाऊने कामगारांना भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या. संतोष म्हणाला, माझा हिस्सा? मग अंगणात भिंत उठली, बोलणं तुटलं आणि आई धाकट्याच्या बाजूला गेली. संतोषचं दुखणं कळलं तेव्हा दत्ताभाऊ आपण होऊन रक्त तपासायला आला होता. "फुलासारखं जपत होतो मी ते," मिलिंद म्हणाला.

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नसतं, म्हणून तर तू तोंड उघडतोस."

मिलिंदच्या गोळ्यांनी आणि माझ्या मलमांनी पुरळ उतरलं. तळहाताची साल सापाच्या कातीसारखी निघाली आणि खाली नवी गुलाबी कातडी आली. पण डबा बंद झाला. आणि त्याच सुमाराला संतोषच्या पांढऱ्या पेशी वर चढेनात. पेशी भावाच्याच होत्या, रुजल्याही होत्या, पण आळसावल्या होत्या. साध्या सर्दीनेही माणूस हातचा जावा अशी अवस्था. उपाय एकच होता. दत्ताभाऊने पुन्हा पेशी द्यायच्या. या खेपेला त्यातल्या भांडखोर पेशी चाळून काढून मग द्यायच्या.

दत्ताभाऊ फोन उचलेना. शेवटी त्याच्या बायकोने निरोप दिला : "ते म्हणत्यात, एकदा जाळलं तेवढं बास झालं."

सुरेखा आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मन लावून दिलंच नसंल थोरल्यांनी. डॉक्टर काय खोटं बोलत्यात व्हय?"

मिलिंदने मला केबिनमध्ये बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मला तो घाबरलेला दिसला, आणि तेव्हाही एक नीच आनंद माझ्या मनाला चाटून गेला. "जा महाळुंग्याला," तो म्हणाला. "भाऊबंदकी तू लावलीस, तूच सोडव."

महाळुंग्याला पोचलो तेव्हा पहिली शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या गेटबाहेर ट्रेलरची रांग, मधून मोटरसायकली. दत्ताभाऊच्या खोल्या एका ओळीत, प्रत्येक दारासमोर दोरीवर निळे-करडे युनिफॉर्म वाळत घातलेले. ओळ जिथे संपते तिथे ती भिंत. भिंतीपलीकडे संतोषचं घर, कुलूप लावलेलं. दत्ताभाऊ पाण्याच्या मोटारीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"च्या घ्या आन जा, डॉक्टर," तो म्हणाला.

मी चहा घेतला. मग शास्त्र सांगायला लागलो. चाळणी कशी असते, भांडखोर पेशी कशा निघतात. तो मोटारीकडे बघत राहिला. शास्त्र संपलं. माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही, आणि असं झालं की मी खरं बोलून जातो.

"दत्ताभाऊ, तो विनोद मी का केला, माहितीये? मिलिंद बोलत होता आणि तुमची आई त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, एक टाळी तरी घेऊ."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हंजी तुमचंबी तसलंच?"

"तसलंच म्हणजे?"

एका खोलीतून कुकरची शिट्टी झाली, ती थांबल्यावर तो बोलला.

"त्या दिशी दोन्ही हातांना नळ्या लावल्या. हिकडनं रगात मशिनीत, तिकडनं परत. हात हलवायचा न्हाई. पडून पडून कटाळलो. म्हणलं, आई यील, डोक्यावरनं हात फिरवल. आई काचंपल्याड, संतोषला बघत हुबी. तवा मपल्या मनात आलं, ह्यालाच का समदं? आईबी ह्याचीच, आता रगातबी ह्यालाच. आन तेवढ्यात सिस्टर म्हणली, झालं भाऊ, पिशवी भरली." त्याने हाताची मूठ केली, सोडली. "ते गेलं डॉक्टर पिशवीत. तुमी भाऊबंदकी म्हणला ना, तवाच वळाखलं मी. म्हणलं, ह्या माणसाला दिसलं."

माझ्या निदानावर एवढा विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता. आणि ज्याने ठेवला, त्याने नेमका चुकीच्या निदानावर ठेवला.

"दत्ताभाऊ," मी म्हणालो, "हेवा पेशीत उतरत असता ना, तर माझा हात लागलेला मिलिंदचा एकेक पेशंट सोलून निघाला असता."

त्याच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. "लई जळता का त्यांच्यावर?"

"लई."

"कवापासनं?"

"कॉलेजपासून."

"मंग आमचं काहीच न्हाई," दत्ताभाऊ म्हणाला, आणि आपण हसतोय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं असावं.

मग मी सांगितलं ते त्याने ऐकलं. एका ताटात जेवणाऱ्या भावांतही हे पुरळ येतं, आणि कोर्टात भांडणाऱ्या भावांतही कधीकधी येत नाही. पेशींना अंगण कळत नाही, भिंत कळत नाही. आणि पहिल्या खेपेची ती थोडीशी भांडखोरी तर चांगलीच, कारण जी पेशी कातडीशी भांडते तीच दडून बसलेल्या कर्करोगालाही हुडकून मारते. गरीब गायीसारख्या पेशी काय कामाच्या?

"आन ह्या खेपंला पुन्हा तसलंच आलं मनात तर?"

"येऊ द्या की. फक्त हात हलवू नका, सुई निसटते."

तो आला. पुन्हा नळ्या लावून तसाच पडून राहिला. मी मुद्दाम जाऊन शेजारी बसलो. "आलं का मनात?" असं विचारलं. "आलं," तो म्हणाला, "पर तुमच्याएवढं न्हाई." आई त्याही दिवशी काचेपलीकडे संतोषपाशीच होती. तिला दोष कसा देणार? दोघांतला एक मरायला टेकला की आईची नजर कुठे जाणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण पडून राहिलेल्यालाही डोळे असतात.

संतोषच्या पेशी सावकाश वर आल्या. आज तो कंपनीत आहे, मशीनवर नाही, स्टोअरमध्ये. अंगावर काळपट डाग राहिलेत, उन्हाला फार सांभाळावं लागतं, आणि माझ्याकडे नेमाने येतो. महाळुंग्यात पूजा घातली तेव्हा शाल कुणाला मिळाली ते तुम्ही ओळखलंच असेल. मला मिळाला प्रसाद, तोही दुसऱ्या पंगतीला. भिंत अजून आहे. मात्र तिला आता एक दार पाडलंय, आणि दाराच्या चौकटीचा रंग कोणता यावरून दोन्ही घरांत बोलाचाली चालू आहे, असं ऐकतो.

पण मला लिहायचं होतं ते एका सकाळबद्दल. दत्ताभाऊने पेशी दिल्या त्यानंतरच्या दोन-चार दिवसांतली ती सकाळ.

मिलिंदच्या ओपीडीत सगळे होते. संतोष तोंडाला मास्क बांधून खुर्चीवर, सुरेखा औषधांची पिशवी सांभाळत. आई खाली बसून त्याच्या नव्या गुलाबी तळहाताला मी दिलेलं पांढरं मलम लावत होती. बोट बोट, बेचकी बेचकी. दत्ताभाऊ, गाडी आणली म्हणून आलेला, दाराला टेकून उभा. बघत नसल्यासारखं बघत होता आणि कोपराच्या खोबणीत खाजवत होता.

"काय झालंय, बघू," मी म्हणालो.

"काही न्हाई वो."

मी बाही वर सारली. कोपराच्या आत लाल चौकोन, कडा पट्टीने आखल्यासारख्या. नळी हलू नये म्हणून सिस्टरने जिथे चिकटपट्टी लावली होती, नेमकी तीच जागा. हे पुरळ मला माझ्या आडनावासारखं पाठ आहे. हात लावला नाही तरी दोन दिवसांत जाणार. मलमही लागत नाही.

मी चेहरा गंभीर केला. नाकावरचा चष्मा वर ढकलला. मिलिंद करतो तसा एक निःश्वासही टाकला.

"मावशी, हे जपायला पाहिजे," मी म्हणालो. "भावासाठी हात दिलाय ना त्याने, त्याची खूण उमटलीय. सकाळ-संध्याकाळ मलम लावायचं. आणि स्वतःचं स्वतः नाही, दुसऱ्याने लावायचं. आईने लावलं तर उत्तम. आधी हात स्वच्छ धुवायचे."

म्हातारी उठली. बेसिनवर साबणाने हात धुतले, पदराला न पुसता कोरड्या कागदाला पुसले. हॉस्पिटलने एवढं तरी शिकवलं होतं. मग दत्ताभाऊचं मनगट धरून त्याला खिडकीशी ओढलं.

"आरं, मंग बोलला न्हाईस का? लहानपणी बी आसाच. झाडावनं पडला तरी सांगायचा न्हाई. धर नीट हात. हलवू नको."

एवढा आडव्या अंगाचा माणूस, हात पुढे करून छताच्या पंख्याकडे बघत उभा राहिला. पंखा बंद होता. आई चौकोनाच्या कडेकडेने मलम फिरवत होती आणि तोंडाने त्याला रागवत होती. संतोष मास्कच्या आडून म्हणाला, "थोरल्याला जास्तच लावतीस ग," आणि आई म्हणाली, "तू गप."

मिलिंद माझ्या कानाशी वाकला. "अव्या, चिकटपट्टीची ॲलर्जी आहे ना रे ती?"

"मिल्या," मी म्हणालो, "रक्त तुझं. कातडी माझी."

तो एक पाऊल माझ्या मागे सरकून उभा राहिला. आमच्या ओळखीत प्रथमच. आणि एवढं होऊनही मला हेवा वाटत होताच, फक्त या वेळी मिलिंदचा नाही. त्या लाल चौकोनाचा.

"किती दिस लावायचं, डॉक्टर?" आईने विचारलं.

"मलम संपेपर्यंत," मी म्हणालो, आणि चिठ्ठीवर, बाजारात मिळते त्यातली सगळ्यांत मोठी ट्यूब लिहून दिली.